अंधारात पाहणारा छोटा कॅमेरा बनवताना पैसे कुठे घालायचे

सैन्याच्या वापरासाठी आटोपशीर आणि स्वस्त नाइट व्हिजन कॅमेरा बनवायचा म्हटलं की पहिली चर्चा सेन्सरवर सुरू होते. कोणता घ्यायचा, मेगापिक्सेल किती, डेटाशीटवर किती लक्स (उजेडाचं माप) लिहिलंय. ही चर्चा थोडी लांबणीवर टाकली तरी चालते. त्याआधी कागदावर एकच हिशोब करायचा: एका फ्रेममध्ये एका पिक्सेलवर फोटॉन किती पडणार? हा आकडा हातात असेल तर पुढचे बरेच वाद आपोआप मिटतात, आणि पैसे कुठे घालायचे व कुठे वाचवायचे तेही कळतं.

पौर्णिमेच्या रात्री उघड्या मैदानावर साधारण ०.१ ते ०.२५ लक्स उजेड असतो. चतकोर चंद्राला तो ०.०१ च्या आसपास येतो. चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री ०.००१, आणि त्यात ढग आले की ०.०००१. आता ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाचा १ लक्स म्हणजे दर चौरस मायक्रॉनवर दर सेकंदाला सुमारे ४,०९० फोटॉन. लांबच्या दृश्यावरचा उजेड सेन्सरपर्यंत किती पोचतो हे काढायला दृश्यावरच्या लक्सला पृष्ठभागाच्या परावर्तनाने आणि लेन्समधून पार होणाऱ्या प्रमाणाने गुणायचं आणि एफ-नंबरच्या (फोकल लांबी भागिले लेन्सच्या तोंडाचा व्यास) वर्गाच्या चौपटीने भागायचं.

उदाहरण घेऊ. पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, लेन्स एफ/१.०, परावर्तन ३० टक्के, लेन्समधून ९० टक्के प्रकाश पार, एक्स्पोजर १/३० सेकंद. ०.१ लक्सला पिक्सेलमागे ७.७ फोटॉन मिळतात. ०.०१ लक्सला ०.७७. ०.००१ लक्सला ०.०८, म्हणजे एका पिक्सेलला एक फोटॉन मिळायला तेरा फ्रेम थांबावं लागेल. तीच लेन्स एफ/१.४ ची असेल तर हे सगळे आकडे निम्मे, आणि एफ/२.० असेल तर पाव.

आजचे चांगले सेन्सर, उदाहरणार्थ सोनीच्या स्टार्व्हिस मालिकेतले आयएमएक्स२९० किंवा आयएमएक्स४६२, जास्त गेनवर (सिग्नल जास्त वाढवून) १ इलेक्ट्रॉनच्या आसपास रीड नॉइज, म्हणजे पिक्सेल वाचताना मिसळणारी चूक, देतात. स्वस्त सेन्सरमध्ये यापेक्षा फार खाली जायला जागा नाही. ७.७ फोटॉनपैकी ७० टक्के पकडले तर ५.४ इलेक्ट्रॉन मिळाले. नॉइज झाला ५.४ अधिक १ याचं वर्गमूळ, म्हणजे २.५. सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर जेमतेम २, तेही पौर्णिमेच्या रात्री! चार पिक्सेल एकत्र केले तर ते ४.३ वर जातं, वर चार फ्रेमची सरासरी घेतली तर आणखी दुप्पट. सॉफ्टवेअरची करामत एवढीच आहे. जो फोटॉन लेन्समधून आत आलाच नाही तो कोणताही अल्गोरिदम परत आणत नाही.

दिलासा एकच. रात्रीच्या आकाशात ७०० ते १००० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे नजीकच्या इन्फ्रारेडमध्ये, दृश्य प्रकाशापेक्षा कित्येक पट जास्त फोटॉन असतात, आणि सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंत पाहू शकतं. म्हणून आयआर-कट फिल्टर (सेन्सरसमोरची इन्फ्रारेड अडवणारी काच) काढायचाच. आणि रंगीत सेन्सरऐवजी मोनोक्रोम घ्यायचा, कारण रंगीत सेन्सरवरचे लाल-हिरवे-निळे फिल्टर दृश्य प्रकाशातला बराच मोठा हिस्सा खाऊन टाकतात. रात्री रंगाचा उपयोग नसतो, फोटॉनचा असतो.

ट्यूब इतकी चांगली का दिसते

एएन/पीव्हीएस-१४ सारख्या, एका डोळ्याने पाहायच्या लष्करी मोनोक्युलरशी डिजिटल कॅमेऱ्याची तुलना नेहमी होते. तिथे १८ मिलिमीटरची इमेज इंटेन्सिफायर ट्यूब असते. फोटोकॅथोडवर फोटॉन पडून इलेक्ट्रॉन सुटतो, मायक्रोचॅनेल प्लेटच्या काही मायक्रॉन रुंदीच्या नळ्यांतून जाताना त्याचे हजारो होतात आणि ते फॉस्फरच्या पडद्यावर आदळतात. तिसऱ्या पिढीत फोटोकॅथोड गॅलियम आर्सेनाइडचा असतो, त्यामुळे नजीकच्या इन्फ्रारेडमध्ये तो फार चांगला चालतो. रीड नॉइज नावाची भानगडच नाही, विलंब नगण्य, आणि एका एए सेलवर ते उपकरण रात्रीमागून रात्री चालतं.

पण तुलनेत एक गोष्ट सुटते. त्या मोनोक्युलरची पुढची लेन्स साधारण २७ मिलिमीटर एफ/१.२ ची असते, म्हणजे उघडं तोंड २२ मिलिमीटरच्या वर. तेवढंच ४० अंशांचं दृश्य १/२.८ इंची सेन्सरवर दाखवायला ८ मिलिमीटरची लेन्स लागते. ती एफ/१.० असली तरी तोंड ८ मिलिमीटरचंच. क्षेत्रफळात फरक जवळजवळ आठपटीचा. दृश्याचा कोन तोच ठेवला की एफ-नंबरपेक्षा लेन्सच्या तोंडाचा व्यास जास्त बोलतो. डिजिटल कॅमेरा अंधारात मागे पडतो त्याला सेन्सर जेवढा कारण असतो तेवढीच ही छोटी लेन्सही असते.

म्हणून शक्य असेल तर सेन्सर मोठा घ्या. १/१.२ इंची आयएमएक्स५८५ ची रुंदी ११.१ मिलिमीटर आहे. त्यावर १६ मिलिमीटर एफ/१.० लावली तर तोच कोन मिळतो आणि प्रकाश चौपट. पिक्सेल तेच २.९ मायक्रॉनचे, पण ३८४० ऐवजी दोन-दोन जोडून १९२० वापरायचे. लेन्स मोठी आणि जड होते, हेल्मेटवर मानेला ते जाणवतं. आटोपशीरपणा आणि अंधारातली नजर यांची अदलाबदल इथेच होते, आणि ती आधी ठरवून करावी. बोर्ड छापून झाल्यावर ती करता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. चालणाऱ्या सैनिकाच्या डोळ्यासमोर, चंद्र नसलेल्या रात्री, झाडीत, स्वस्त डिजिटल कॅमेरा आजही ट्यूबची जागा घेत नाही. पण चौकीवर किंवा मचाणावर एका जागी बसवलेला कॅमेरा एक्स्पोजर १/४ सेकंद करू शकतो, लेन्स हवी तेवढी मोठी घेऊ शकतो, वीजही तारेने मिळते. तिथे डिजिटल उत्तम चालतो. वाहनाच्या मागच्या बाजूचा कॅमेरा, गस्तीतलं हातात धरून पाहायचं उपकरण, चतकोर चंद्राच्या पुढचा उजेड, ही मधली जागा. स्वस्त कॅमेऱ्याने या दोन जागांवर दावा सांगावा.

थर्मलबद्दल थोडक्यात. ८ ते १४ मायक्रोमीटरच्या लहरी पाहणारा, १२ मायक्रॉन पिक्सेलचा मायक्रोबोलोमीटर (उष्णता टिपणारा सेन्सर) आता छोट्या मॉड्यूलमध्ये मिळतो आणि त्याला उजेड लागतच नाही. माणूस आहे हे तो झटकन दाखवतो, पण कोण आहे, हातात काय आहे हे सांगायला कमी पडतो. १९५८ साली जॉन जॉन्सन यांनी मांडलेला निकष अजून उपयोगी आहे: लक्ष्याच्या लहान मापावर २ पिक्सेल पडले तर काहीतरी आहे एवढं कळतं, ८ ला प्रकार कळतो, साधारण १३ ला ओळख पटते. माणसासाठी ०.७५ मीटर धरतात. १२ मायक्रॉनला १९ मिलिमीटरची लेन्स लावली तर हे अंतर अनुक्रमे सुमारे ५९०, १५० आणि ९० मीटर येतं. ८ मिलिमीटर लेन्सचा आपला २.९ मायक्रॉनचा कॅमेरा पुरेशा उजेडात १६० मीटरवर ओळख पटवेल. पिक्सेल जोडले की ते अंतर निम्मं. थर्मल घेताना फ्रेमरेट तपासा, कारण निर्यातीच्या नियमांमुळे बरीच मॉड्यूल ९ हर्ट्झवर अडवलेली असतात, आणि ९ हर्ट्झवर चालत्या वाहनातून पाहणं त्रासाचं होतं.

इन्फ्रारेड दिवा लावून हे सगळं टाळता येईल असं वाटतं. सुरक्षा कॅमेऱ्यात तेच करतात. सैनिकी वापरात ८५० नॅनोमीटरचा दिवा म्हणजे समोर नाइट व्हिजन असलेल्या प्रत्येकाला आपला पत्ता देणं. साध्या डोळ्यालाही त्याचा अंधुक लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचा डोळ्याला दिसत नाही, पण समोरच्या सिलिकॉन कॅमेऱ्याला दिसतोच, आणि आपल्या सेन्सरची त्या टोकाची संवेदनशीलता मात्र बरीच घसरलेली असते. दिवा ठेवायचा तर नकाशा वाचण्यापुरता, हाताने दाबून धरला तरच लागणारा.

लेन्स आणि फोकस: निम्मं अपयश इथेच

लेन्सच्या वेष्टनावरचा एफ/१.० तसाच मानू नका. हाताच्या अंतरावर लेन्स धरून समोरून पाहा, जी उजळ गोल खिडकी दिसते तिच्यावर पट्टी धरून व्यास मोजा. फोकल लांबी ८ मिलिमीटर असेल आणि खिडकी ५.७ मिलिमीटरची दिसली, तर लेन्स एफ/१.४ ची आहे आणि निम्मा प्रकाश तिथेच गेला. कोपरेही तपासा. स्वस्त वेगवान लेन्समध्ये कोपऱ्यातला उजेड मध्यापेक्षा निम्म्याहून खाली जातो, आणि सॉफ्टवेअरने तो उचलला की कोपऱ्यात नुसता नॉइज उसळतो.

एफ/१.० ला फोकसची सहनशीलता किती, याचा हिशोब केला की छातीत धस्स होतं. एफ-नंबर गुणिले पिक्सेल, म्हणजे अधिक-उणे ३ मायक्रॉन. एम१२ (१२ मिलिमीटर आट्याच्या) लेन्सच्या आट्याचा पिच ०.५ मिलिमीटर, म्हणजे एक पूर्ण फेरा ५०० मायक्रॉन. ३ मायक्रॉन म्हणजे जेमतेम २ अंश फिरवणं. लॉक रिंग आवळताना लेन्स यापेक्षा जास्त सरकते. त्यामुळे हाताने फोकस करून रिंग आवळणं ही पद्धत इथे चालत नाही. आट्यांमधली ढिलाई स्प्रिंग वॉशरने किंवा घट्ट बसणाऱ्या आट्याच्या टेपने आधी काढा, चित्र पाहत पाहत फोकस करा, यूव्हीने सुकणारा गोंद तीन ठिकाणी थेंबभर लावून आधी अर्धवट सुकवा, फोकस पुन्हा तपासा, मग पूर्ण सुकवा. गोंद सुकताना आकसतो आणि लेन्स ओढतो. तीन थेंब समान नसतील तर लेन्स तिरकी होते: चित्राची डावी बाजू स्पष्ट आणि उजवी धूसर दिसायला लागली की कारण बहुतेक हेच असतं.

तापमान याच्याही पुढे जातं. लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये १० मिलिमीटर ॲल्युमिनियम असेल तर ५० अंशांच्या फरकाला ते ११-१२ मायक्रॉन वाढतं. साधं प्लॅस्टिक ३५ मायक्रॉन. सहनशीलता होती ३. खोलीत २५ अंशांना सुरेख फोकस केलेला कॅमेरा उणे १५ अंशांना धूसर होतो तो असा. धारक ॲल्युमिनियमचा, लेन्सची बॅरल धातूची, आणि बाहेर हाताने फिरवायची फोकस रिंग हे किमान. रिंग द्यायची नसेल तर एफ/१.४ वर समाधान माना, सहनशीलता थोडी वाढते आणि प्रकाश मात्र अर्धा होतो.

फोकस कोणत्या उजेडात करायचा हाही प्रश्न आहे. इन्फ्रारेडसाठी दुरुस्त न केलेल्या लेन्समध्ये ५५० आणि ८५० नॅनोमीटरचा फोकस काही दहा मायक्रॉनांनी वेगळा पडतो. ट्यूबलाइटखाली फोकस केलेला कॅमेरा रात्री मऊ दिसतो कारण रात्रीचा बहुतेक प्रकाश इन्फ्रारेडकडचा असतो. टंगस्टनचा दिवा मंद करून त्याच्या उजेडात फोकस करा. आयआर-कट फिल्टर काढला असेल तर त्याच्या काचेच्या जाडीच्या एक तृतीयांश एवढा फोकस सरकतो हेही लक्षात ठेवा. ०.३ मिलिमीटरची काच काढली तर १०० मायक्रॉन, म्हणजे सहनशीलतेच्या तीसपटीहून जास्त.

आणखी एक फसवी गोष्ट: डोळ्याला काळं दिसणारं सगळं इन्फ्रारेडमध्ये काळं नसतं. काळ्या ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची आतली बाजू ८५० नॅनोमीटरला लख्ख चमकते. रंगद्रव्याने काळं केलेलं प्लॅस्टिक आरपार होतं, कार्बन ब्लॅक घातलेलं होत नाही. लेन्सच्या धारकाची आतली बाजू, सेन्सरभोवतीचा बोर्ड, कव्हर, सगळं एकदा दुसऱ्या फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्याने पाहून घ्या. बोर्डावरचा पॉवरचा छोटा एलईडी तर सरळ काढूनच टाका. त्याचा उजेड बोर्डाच्या फायबरमधून झिरपून सेन्सरच्या कडेला धुकं आणतो.

बोर्ड

आयएमएक्स२९० सारख्या सेन्सरला साधारण तीन वीजपट्ट्या लागतात: ॲनालॉगला २.९ व्होल्ट, इनपुट-आउटपुटला १.८, डिजिटलला १.२. डिजिटलसाठी स्विचिंग रेग्युलेटर चालेल. ॲनालॉगच्या २.९ ला कमी नॉइजचा एलडीओच (स्विचिंग न करणारा रेग्युलेटर) द्यायचा, सेन्सरच्या अगदी जवळ, स्वतंत्र ग्राउंड परतीसह. दिवसा हे कुणाला कळतही नाही. गेन ३० डेसिबेलच्या वर गेला की पुरवठ्यातली लहर आडव्या पट्ट्यांच्या रूपाने चित्रावर येते आणि सावकाश वर-खाली सरकत राहते. पट्ट्या सरकत असतील तर स्विचिंगची वारंवारता सेन्सरच्या ओळींच्या वारंवारतेशी जुळलेली नाही. स्थिर पट्ट्या असतील तर त्या जुळलेल्या आहेत आणि वजा करून काढता येतात. म्हणून काही जण रेग्युलेटरचं घड्याळ मुद्दाम सेन्सरच्या घड्याळाला बांधतात. पद्धत चांगली आहे.

ब्लॅक लेव्हल जपा. १२ बिट आउटपुटमध्ये आयएमएक्स२९० सारखे सेन्सर शून्याची जागा २४० वर ठेवतात. फार कमी प्रकाशात सिग्नल या २४० च्या आजूबाजूला वर-खाली होत असतो. आधी २४० वजा करून ऋण आकडे शून्यावर कापले आणि मग सरासरी घेतली, तर काळोख खोटा उजळतो आणि सावल्यांतला फरक मरतो. आधी सरासरी, मग वजाबाकी. एवढ्या एका क्रमाने अंधाऱ्या भागातला तपशील परत येतो, आणि तयार आयएसपीमध्ये (चिपमधला चित्रावर प्रक्रिया करणारा भाग) तो क्रम बहुधा उलटाच असतो.

उष्णता दुसरा शत्रू. डार्क करंट (उजेड नसतानाही उष्णतेने पिक्सेलमध्ये साठणारे इलेक्ट्रॉन) दर ६ ते ८ अंशांना दुप्पट होतो. बंद, पंखा नसलेल्या डब्यात प्रोसेसर सेन्सरच्या पाठीला चिकटवला तर अर्ध्या तासात पांढरे ठिपके उमलायला लागतात. दोन वेगळे बोर्ड करा, मध्ये लवचिक केबल, प्रोसेसरची उष्णता कॉपरच्या पट्टीने बाहेरच्या कवचाला द्या. खराब पिक्सेलचा नकाशा थंड आणि गरम दोन्ही तापमानांना घ्या आणि मधल्यासाठी सतत चालणारी तपासणी ठेवा. पण ती तपासणी कडक केली की दूरचा बारीक दिवा, जो एकाच पिक्सेलवर पडतो, तोही खराब पिक्सेल समजून पुसला जातो. लष्करी कॅमेऱ्यात ही चूक महागात पडेल.

फ्रेमच्या सरासरीचंही तसंच. आधीच्या फ्रेम मिसळणारा नॉइज रिडक्शन फिल्टर स्थिर चित्र सुंदर करतो आणि हळू सरकणारा, कमी फरकाचा माणूस त्यात विरघळवून टाकतो. जिथे हालचाल आहे तिथे मिसळण्याचं प्रमाण कमी व्हायलाच हवं, थोडा नॉइज राहिला तरी चालेल. डोळा स्वतःच चांगला फिल्टर आहे, दाणेदार चित्रातून हालचाल तो उत्तम टिपतो. गुळगुळीत चित्र दाखवण्याच्या मोहाला बळी पडू नका.

विलंबाचा हिशोब वेगळा. पूर्ण एचडी, १२ बिट, ६० फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे १.५ गिगाबिट. हे मोबाइलसारख्या प्रोसेसरच्या आयएसपीतून नेलं की दोन-तीन फ्रेम बफरमध्ये अडकतात, ६० फ्रेमला तीन फ्रेम म्हणजे ५० मिलिसेकंद, वर डिस्प्लेची एक. चालताना पाय कुठे पडतोय आणि डोळ्याला काय दिसतंय यांचा मेळ सुटतो, मळमळतं. मोनोक्रोम घेतल्याचा इथे दुसरा फायदा होतो. रंग बनवायची पायरीच नसते, त्यामुळे छोट्या एफपीजीएमध्ये (हवं ते सर्किट आत बसवता येणारी चिप) सगळं बसतं. सात ओळींचा बफर म्हणजे १९२० गुणिले १२ गुणिले ७, सुमारे १६१ किलोबिट. चित्र ओळीमागून ओळ वाहत जातं, पूर्ण फ्रेम साठवावी लागत नाही. डिस्प्लेचं घड्याळही सेन्सरलाच बांधा, म्हणजे आणखी एका फ्रेमपर्यंत विलंब वाचतो. चौकीवरच्या कॅमेऱ्याला यातलं काहीच नको, तिथे तयार प्रोसेसर वापरा आणि पैसे लेन्सवर घाला.

एक्स्पोजर वाढवताना हा आकडा समोर ठेवा: ४० अंशांत १९२० पिक्सेल म्हणजे अंशाला ४८. डोकं सेकंदाला ६० अंश वळलं आणि एक्स्पोजर १/३० असेल, तर चित्र ९६ पिक्सेल फासलं जातं. तेव्हा हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात १/३० च्या पलीकडे जाऊ नका. ऑटो एक्स्पोजर अचानक झगझगाट झाल्यावर काळोख करून बसतं, म्हणून ते सरासरी उजेडावर न चालवता उजेडाच्या मधल्या पातळीवर (मीडियनवर) चालवा आणि एका फ्रेमला किती बदलायचं याला मर्यादा घाला.

डोळ्याकडची बाजू

एकास एक दिसायला हवं, नाहीतर एका डोळ्याने उपकरणातून आणि दुसऱ्याने उघड्यावर पाहताना डोकं गरगरतं. त्यासाठी आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) फोकल लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी हे प्रमाण डिस्प्लेची रुंदी भागिले सेन्सरची रुंदी एवढं ठेवायचं. ८ मिलिमीटर लेन्स, ५.५७ मिलिमीटर सेन्सर, ८ मिलिमीटर रुंदीचा ०.३९ इंची मायक्रो ओलेड घेतला तर आयपीस ११.५ मिलिमीटरचा येतो, आणि डोळा जवळजवळ काचेला टेकवावा लागतो. ०.७१ इंची डिस्प्लेची रुंदी १५.७ मिलिमीटर, आयपीस २२.५ चा, डोळ्याला जागा मिळते, चष्म्यावरूनही पाहता येतं. छोटा डिस्प्ले घेऊन वाचवलेले पैसे इथे वसूल होत नाहीत.

डिस्प्लेची सर्वात कमी चमक किती, हे डेटाशीटमध्ये शोधा. रात्रीला सरावलेल्या डोळ्याला दर चौरस मीटरला १ कँडेलाही पुष्कळ होतो. चमक कमी करण्यासाठी आकडे दाबले तर राखाडी छटा संपतात, म्हणून डिस्प्लेच्या करंटवरच नियंत्रण असलेला घ्या. रबरी आयकप नीट बसत नसेल तर चेहऱ्यावर उजेडाचा पट्टा पडतो आणि तो लांबून दिसतो. दाबल्यावरच उघडणाऱ्या पाकळ्यांचा आयकप लावा.

वीज: सेन्सर अर्धा वॉट, प्रक्रिया दीड ते दोन, डिस्प्ले आणि इतर अर्धा, एकूण ३ वॉट धरा. ३.६ व्होल्ट ३ अँपिअर-तासाचा एक १८६५० सेल १०.८ वॉट-तास देतो, रूपांतरातली तूट जाता तीन तास. गोठवणाऱ्या थंडीत त्याहून बरंच कमी. रात्रभराच्या गस्तीला तीन-चार सेल लागतील हे वापरणाऱ्याला आधीच सांगा, आणि अंधारात, हातमोजे घालून, उलटा बसणारच नाही असा सेलचा कप्पा करा.

कवच, चाचणी, पुरवठा

कवचात ओ-रिंग २० ते २५ टक्के दाबली जाईल असा खाचा ठेवा. बंद करण्याआधी आत कोरडा नायट्रोजन सोडा, सिलिका जेलची छोटी पुडी ठेवा. दमट खोलीत बंद केलेला कॅमेरा बाहेर थंडीत नेला की लेन्सच्या आतल्या काचेवर दव धरतं, आणि ते पुसायला कुणाला आत जाता येत नाही. वाय-फाय आणि ब्लूटूथची चिप बोर्डावर नकोच. सॉफ्टवेअरने बंद करणं पुरेसं नाही. सेन्सर आणि डिस्प्लेच्या लवचिक केबलना शिल्ड द्या, त्या चांगल्या अँटेना असतात. धक्का, पाऊस, धूळ, तापमान यांच्यासाठी एमआयएल-एसटीडी-८१० आणि विद्युतचुंबकीय उत्सर्जनासाठी एमआयएल-एसटीडी-४६१ समोर ठेवूनच आखणी करा. शेवटी शिल्ड चिकटवणं नेहमी महाग पडतं.

कमी उजेडाची चाचणी करताना लक्समीटर ०.०१ च्या खाली बहुधा साथ देत नाही. म्हणून १ लक्स मोजून घ्यायचा आणि लेन्ससमोर एनडी ३.० फिल्टर (सगळा प्रकाश सारखा कमी करणारी काच) धरून हजारपट कमी करायचा. सापळा असा की साधे काळे एनडी फिल्टर इन्फ्रारेड सोडून देतात, आणि कॅमेरा आहे त्यापेक्षा कितीतरी चांगला दिसतो. धातूचा लेप असलेले एनडी वापरा, किंवा दिवा लांब नेऊन अंतराच्या वर्गाने उजेड कमी करा. दिवा २८५६ केल्विनच्या टंगस्टनचा असावा, ट्यूबची संवेदनशीलताही त्याच प्रकाशात मोजतात, म्हणजे तुलना सरळ होते. पांढऱ्या एलईडीखाली मोजलेला आकडा रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, कारण त्यात इन्फ्रारेड जवळजवळ नसतं. कुणी ०.००१ लक्सचा दावा केला तर एक्स्पोजर, एफ-नंबर आणि किती फ्रेमची सरासरी हे तीन आकडे मागा.

तयार सुरक्षा कॅमेऱ्याचं मॉड्यूल उचलून कवचात घालायचा मोह होतो, कारण ते खरोखर स्वस्त असतं. त्यातलं फर्मवेअर कुणी लिहिलं, ते कुठे बोलतं हे तपासता येत नसेल तर ते सैन्याला देऊ नये. नुसता सेन्सर बोर्ड घ्या, फर्मवेअर आपलं लिहा. बाजारातले सेन्सर काही वर्षांत बंद होतात आणि उपकरण दहा-पंधरा वर्षं दुरुस्त करत राहावं लागतं, म्हणून सेन्सरचा बोर्ड वेगळा आणि बदलता येण्याजोगा ठेवा, आणि उत्पादन सुरू करतानाच दुरुस्तीपुरते सेन्सर विकत घेऊन नायट्रोजन भरलेल्या पिशव्यांत ठेवून द्या.